अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

'सी आय टू आय.'
शब्दश: डोळ्याला डोळा.
आपल्याकडे डोळ्याला डोळा भिडला
की समजावं, आता बाह्या वर सरणार.
त्यांच्याकडे भिडला, की भांडण मिटलं.
आणि वापरतात बहुतेकदा नकार लावूनच:
आमचं दोघींचं काही तसं नव्हतं हो, म्हणतात,
आणि चहात दूध आधी की नंतर
यावर चाळीस वर्षं एका घरात काढतात.

लव्हडे पास्कोकडे मी एक वाक्य मागितलं.
नव्वदी ओलांडलेली बाई, कॉर्नवॉलात, खाडीच्या काठी,
खिडकीच्या दांडीवर तिचे लोकरी मोजे वाळत होते.
म्हणाली, वाक्य नाही माझ्याकडे.
खड्डा आहे.

पोलरुअनच्या गोदीमागे, पुरुषभर खोल,
वर आडवा टाकलेला ओकचा ओंडका,
ओंडक्यावर उभा जेबेझकाका,
खाली माझा बाप, ईनक,
आणि दोन सख्ख्या भावांच्या मधे
सात फुटांची करवत.
वरच्यानं उचलायची, खालच्यानं ओढायची.
वरच्याच्या वाट्याला ऊन, बोटी, येणारेजाणारे,
आणि खडूची रेघ.
खालच्याच्या वाट्याला भुसा.

बोलणं बंद होतं त्यांचं. अकरा वर्षं.
आजोबांना चर्चमागे पुरायचं की चॅपलमागे,
एवढ्यावरून.
(देव तोच. भिंत निराळी.)
मी डब्यातून चहा न्यायची.
काका म्हणायचा, त्याला सांग, करवतीला धार हवी.
बाप म्हणायचा, त्याला सांग, काल रात्रीच लावलीय.
मधे हातभर अंतर. मी तरीही सांगायची,
मला वाटायचं, हेच माझं काम.

मग एका थंडीत
ओंडक्याच्या पोटाकडूनही मला रेघ दिसली.
ती कधीच नसायची.
बाप पहाटे मारायचा, कंदील घेऊन,
गोदीचं फाटक उघडायच्या आधी.
विचारलं, तर म्हणाला, चहा निवतोय.

मी शिडीनं वर गेले. काकानं हात पुढे केला
आणि डब्याच्या वीतभर डावीकडे
हवेवर मूठ मिटली.
तेव्हा पाहिले मी त्याचे डोळे.
शिळ्या बांगड्याचे असतात तसे.

धावत खाली आले. बापाच्या पापण्यांवर भुसा,
आणि आत लालभडक डोळे, सताड उघडे;
बाकी सगळे खालचे करवतकर
डोळे मिटूनच ओढतात.
मी म्हटलं, काकाला,
तो म्हणाला, ठाऊक आहे.
करवतीनं सांगितलं, दोन वर्षांमागे.
आणि तुम्हाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे?
तो थुंकला, पिवळं, लाकडाचं.
फळी सरळ येतेय ना, म्हणाला.

इथे लव्हडे थांबली. मोजे उलटे केले.
मी वहीत लिहून घेतलं होतं,
अर्थ: एकमत होणे, पटणे, मतं जुळणे.
ती वाकून बघत म्हणाली,
मत? छे. मत त्यांचं मरेपर्यंत जुळलं नाही.

काका आधी गेला. पेटीच्या फळ्या कापायच्या होत्या
आणि वर उभं राहायला कुणी नव्हतं,
बापानं मला चढवलं. चौदा वर्षांची मी.
रेघ बघत होते, बघता बघता डोळे भरले,
रेघ गेली.
हात चालत राहिले.
खालून कुणी किती ओढतंय, कुठे दमतंय,
कुठे गाठ लागली म्हणून जरा थांबतंय,
सगळं मुठीत येत होतं.
बाप खालून काही बोलत होता.
मला नाही वाटत, माझ्याशी.

काकाला चर्चमागे पुरलं, त्याच्या मनासारखं.
बाप चॅपलवाला. आत आला नाही.
फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला,
पावसात, शेवटचं फावडं पडेपर्यंत.

माझ्या दोन फळ्या वाकड्या आल्या होत्या.
त्या त्यानं तळाला घातल्या.